‘श’ कुठे गेला?

४ मार्च

बायको म्हणाली, भिंतींवर ओरडण्यापेक्षा कागदावर ओरड, निदान शेजारी झोपतील. म्हणून हे लिहायला घेतलं आहे.

ओरडण्याचं कारण जुनंच. आमचं ‘कान’ हे गाणं रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर एकाच ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतं आणि ते तिथंच राहावं, असं माझं म्हणणं. बारक्याचं म्हणणं, ते सगळीकडे न्यायचं. बारक्या म्हणजे हिचा धाकटा भाऊ आणि माझा भागीदार. आमच्या लग्नात तो काडीसारखा होता, तेव्हा पडलेलं नाव. आता त्याला घरात घ्यायचं तर दाराची दुसरी फळीही उघडावी लागते.

प्रोग्रॅम त्याचा, कान माझा, अशी आमची वाटणी. मी उभा जन्म रेकॉर्डिंगच्या काचेमागे काढला. स्टुडिओ बंद पडला तेव्हा हाच घरी येऊन म्हणाला होता, ‘दाजी, तुमचे कान मला द्या, मी त्याचं सॉफ्टवेअर करतो.’ नाव तिथूनच आलं. कुठलंही व्हर्जन मी ऐकून हो म्हटल्याशिवाय बाहेर जात नाही. सह्या दोघांच्या लागतात, पण पहिली माझी.

‘कान’ची एक खूण आहे. इतर सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंगचं बटण दाबलं की नुसती टकटक होते. आमच्यात एक बाई म्हणते, ‘श्वास घे.’ मग गाणारा श्वास घेतो आणि सुरू करतो. ती बाई म्हणजे आमची ही. लग्नाआधी ती स्टुडिओत माइक तपासायला उभी राहायची. एकदा मी काचेमागून तिच्यावर डाफरत होतो, तर ती शांतपणे म्हणाली, ‘श्वास घे.’ टेप चालू होती. तो तुकडा मी जपून ठेवला आणि पुढे सॉफ्टवेअरमध्ये घातला. लोक विचारतात, कोण ही. मी सांगत नाही.

आता एका संस्थेला तिच्या सगळ्या शाळांसाठी ‘कान’ हवं आहे. त्यांच्या संगणकांवर मात्र ती दुसरी, फुकट मिळणारी सिस्टीम आहे. त्यांना लवकर उत्तर हवंय. बारक्या त्या सिस्टीमवरचं नवं व्हर्जन ऐकवायला आणणार आहे. आणू दे. मी काही कुणाचा वैरी नाही.

७ मार्च

आणलं. मी त्याच्या लॅपटॉपला हेडफोन लावले आणि बटण दाबलं.

‘वास घे.’

पुन्हा दाबलं. वास घे.

‘कशाचा वास घेऊ?’ मी विचारलं. बारक्या हसला नाही. एरवी माझ्या पडेल विनोदांनाही तो मान हलवून हसतो.

मी त्याला पुन्हा एकदा समजावलं. या परक्या सिस्टीमवर आवाज सुरू व्हायला किंचित उशीर होतो आणि तेवढ्यात पहिलं अक्षर खाल्लं जातं. मागच्या वेळी हेच झालं, त्याच्या आधीही हेच. शिवाय सगळाच आवाज बसका, डोक्यावरून पांघरूण घेऊन कुणी गावं तसा. ‘श’ जागेवर आल्याशिवाय माझी सही मिळणार नाही. शाळेतल्या पोरांना काय वास घ्यायला लावायचा आहे?

तो बराच वेळ लॅपटॉपच्या कडेवरून बोट फिरवत बसला. मग म्हणाला, ‘बघतो, दाजी.’ निघताना दारात बहिणीशी काहीतरी कुजबुजला. ही भावंडं हल्ली फार कुजबुजतात. तसे सगळेच आता तोंडातल्या तोंडात बोलायला लागलेत, अगदी टीव्हीवर बातम्या देणारेसुद्धा. आमच्या काळी असं बोलणाऱ्याला माइकसमोर उभं केलं नसतं.

८ मार्च

सकाळी हिनं विचारलं, ‘किल्ली आपटली का?’ मी म्हटलं, मी कशाला किल्ली आपटू? राग आला म्हणून वस्तू आपटायची सवय तुमच्या माहेरची. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, ‘सापडली का, असं विचारलं मी.’

मग तसं विचारावं ना. दिवसभर अबोला. किल्ली शर्टाच्या खिशातच होती.

१३ मार्च

आपल्या नेहमीच्या सिस्टीमवरचं अपडेट तयार झालं. बारक्या पेन ड्राइव्ह घेऊन स्वतः आला. बाकी सगळे लोक ‘कान’ आमच्या वेबसाइटवरून उतरवून घेतात, माझ्या मशीनवर मात्र तो दर वेळी जातीने घालून देतो. ‘तुम्ही नका हात लावू, दाजी, मीच बघतो.’ दोन वर्षं झाली असतील या शिरस्त्याला. आमचं कितीही वाजलेलं असो, हे त्यानं कधी चुकवलं नाही. मतभेद आहेत, पण मान ठेवतो, हे कबूल करायला हवं.

हेडफोन लावले. ‘श्वास घे.’ ‘श’ कसा, नव्या कोऱ्या कागदावरून हात फिरवावा तसा. मी म्हटलं, ‘ही खरी सिस्टीम. इथं माणसाचा आवाज माणसासारखा येतो.’ त्याला चहा विचारला तर काम आहे म्हणून निघून गेला.

दुपारी त्या शाळांत संगीत शिकवणाऱ्या बाईंचा फोन आला. शाळांच्या वतीनं त्याच बोलतात. मी त्यांना अडचण खुलासेवार सांगितली, की तुमच्या मशीनवर पहिलं अक्षर तुटतं, आणि जे तुटकं आहे ते मुलांच्या हाती द्यायला माझं मन घेत नाही. त्या म्हणाल्या, ‘असं? पण आमच्याकडे तर...’ आणि थांबल्या. मग म्हणाल्या, ‘तुम्ही म्हणताय म्हणजे असेल.’ समंजस बाई आहेत.

खिडकीसमोरच्या झाडावर पूर्वी पहाटेपासून पाखरांचा गलका असायचा. या वर्षी एकाचाही आवाज नाही. हवा बिघडली आहे, दुसरं काय.

१९ मार्च

आज माझा केसाने गळा कापला गेला. तोही घरातल्याच माणसानं कापला.

बँकेत संगीताच्या बाई भेटल्या. मी ओळख दिली, तर त्यांनी माझे हातच हातात घेतले. म्हणाल्या, ‘मुलांना किती आवडलंय म्हणून सांगू. हिवाळ्यापासून वापरतोय आम्ही. आता कधी गाणं बसवायचं म्हटलं तरी पोरं आधी त्या आतल्या बाईंचा आवाज ऐकायला मागतात.’

हिवाळ्यापासून. मी काउंटरपाशी तसाच उभा. बाईंच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांचा चेहरा उतरला आणि त्या काहीतरी पुटपुटत रांगेत गेल्या.

तिथून तडक बारक्याच्या ऑफिसात गेलो. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर जिना चढून एक खोली आहे, तेच ऑफिस. मी म्हटलं, ‘माझ्या सहीशिवाय दिलंस?’

‘विकलेलं नाही,’ तो म्हणाला. ‘एका शाळेला नुसतं वापरून बघायला दिलंय.’

‘मला न सांगता?’

‘सांगितलं असतं तर तुम्ही देऊ दिलं नसतं.’

‘अर्थातच नसतं दिलं. त्यात ‘श’ नाहीये.’

‘‘श’ आहे, दाजी.’

‘मग मी काय बहिरा आहे?’

त्यानं मान खाली घातली. लाज वाटली म्हणायची. निदान तेवढी तरी शिल्लक आहे.

२० मार्च

हिला वाटतं त्याचं चुकलं, पण मी त्याला दुसरा रस्ता ठेवला नव्हता. म्हणजे चूक त्याची आणि दोष माझा. भाऊ तो भाऊच.

मी विचारलं, ‘तुला आधी माहीत होतं?’

ती म्हणाली, ‘शाळेचं नव्हतं माहीत.’

मला बरं वाटलं. निदान एक माणूस तरी माझ्या बाजूला आहे.

२४ मार्च

संकटं रांगेनं येतात की काय कोण जाणे. माझं मशीन मेलं. दुरुस्तीवाला उघडून बघून म्हणाला, ‘काका, यात आता काही राहिलं नाही.’ नवं घेऊन आलो. सिस्टीम अर्थात तीच, आपली.

एरवी बारक्याला बोलावलं असतं. आता त्याचं तोंड बघायची इच्छा नाही. म्हटलं, आपणच करू. चारचौघांसारखा वेबसाइटवर गेलो, चारचौघांसारखं ‘कान’ उतरवून घेतलं. आपल्याच दुकानात गिऱ्हाईक म्हणून जाताना गंमत वाटली. हेडफोन लावून बटण दाबलं.

‘वास घे.’

दुसऱ्या सिस्टीमवर नव्हे. आपल्या. जिथं हा ‘श’ कधी म्हणजे कधी गेला नव्हता.

तासभर मी तेच बटण दाबत बसलो. आणि मग डोक्यात प्रकाश पडला. यानं आपल्या घरच्या व्हर्जनचाही ‘श’ कापला आहे. का? तर दोन्हीकडे सारखंच ऐकू येतंय, मग सही करायला हरकत कसली, असं त्याला म्हणता यावं म्हणून. स्वतःच्या बहिणीचा आवाज कापला त्यानं. मी जो तुकडा एवढी वर्षं जिवापाड सांभाळला, त्याचं तोंड उडवलं. मला फसवलंस ते फसवलंस, पण हे करायला हात कसा धजावला तुझा?

हिला बोलावून ऐकवलं. हेडफोन कानाला लावताच तिचे डोळे भरून आले. मी म्हटलं, ‘बघितलंस ना काय केलंय ते?’ ती हेडफोन काढून ठेवून आत गेली. तिच्याही जिव्हारी लागलं असणार.

२५ मार्च

सकाळीच जिना चढलो. बारक्या एकटा होता. मी उभ्या उभ्याच विचारलं, ‘‘श’ कुठे गेला?’

त्यानं खुर्ची पुढं केली. मग हिच्या आवाजाचा तो तुकडा पडद्यावर मोठा करून दाखवला. आवाजाचं चित्र मी जन्मभर बघत आलो. सुरुवातीला बारीक केसाळ पट्टी होती, मग ‘वा’चे जाड फुगवटे, मग पुन्हा केसाळ पट्टी. ती पहिली पट्टी म्हणजे ‘श’. अख्खा होता. कुठेही कापलेला नव्हता.

‘हेच आपल्या वेबसाइटवर आहे,’ तो म्हणाला. ‘हेच शाळेत आहे. कुठेच काही तुटलेलं नाही. ‘वास’मधला ‘स’सुद्धा तुम्ही सवयीनं भरून घेताय.’

मग तो बोलत गेला आणि मी ऐकत गेलो. रेकॉर्ड झालेल्या गाण्यांचे आवाज नीट बसवून द्यायची कामं मी अजून घरी घेतो. दोन वर्षांपूर्वी त्यातलं एका गायिकेचं काम परत आलं होतं. तिची तक्रार होती, की आवाज इतका धारदार झालाय की कान फाटतात. बारक्याला तेव्हाच समजलं, की मला ‘श’सारखे वरचे बारीक आवाज ऐकू येईनासे झालेत आणि म्हणून मी ते वाढवत चाललोय. तक्रार त्यानं माझ्यापर्यंत येऊ दिली नाही. काम स्वतः दुरुस्त करून दिलं. आणि पुढच्या अपडेटपासून माझ्या मशीनवर वेगळं ‘कान’ घालायला लागला. माझ्या हेडफोनमध्ये सगळे बारीक आवाज चढवून देणारं. माझ्यापुरतं. त्यासाठी पेन ड्राइव्ह. त्यासाठी ‘तुम्ही नका हात लावू’.

‘त्यानंतर तुमचं एकही काम परत आलं नाही, दाजी,’ तो म्हणाला. जणू मला बक्षीसच देत होता.

म्हणजे दोन वर्षं मी ज्या सिस्टीमची तरफदारी करत भांडलो, ती सिस्टीम नव्हतीच. ती याची मेहेरबानी होती. परका लॅपटॉप आला की मेहेरबानी संपायची, ‘श’ जायचा, आणि मी याच्याच कष्टांवर काट मारायचो. आणि हा समोर बसून मारू द्यायचा.

मी विचारलं, ‘मग त्या लॅपटॉपवरही वाढवून द्यायचं होतंस. मी त्याच दिवशी सही केली असती.’

‘ताई म्हणत होती, दे म्हणून. मला जमलं नाही. ती सही तुमची नसती झाली. वाटायचं, एकदा तरी तुम्हीच विचाराल.’

ताई म्हणत होती.

मी उठलो. त्याला म्हटलं, ज्यानं मला दोन वर्षं खोटं ऐकवलं, त्यानं दाखवलेलं चित्र मी खरं का मानू? जिन्याचा कठडा धरून खाली आलो. दुकानातला माणूस सायकलचं चाक फिरवत होता. ते फिरताना कट्‌कट्‌ वाजतं, हे मला पक्कं माहीत आहे. चाक तर फिरत होतं.

२७ मार्च

हिच्याशी बोललो. बोललो म्हणजे काय, मी बोलत होतो.

विचारलं, कधीपासून? तर बारक्याच्याही आधीपासून. किटली शिट्टी मारून मारून आटायची आणि मी शेजारी पेपर वाचत बसलेला असायचो, तेव्हापासून. गायिकेचं काम परत आलं तेव्हा बारक्या मला सांगायलाच निघाला होता. हिनं त्याला अडवलं. वेगळं ‘कान’ द्यायची युक्ती हिची.

‘तुला कळलं असतं तर तू काचेमागून उठला असतास,’ ती म्हणाली. ‘आणि उठून कुठे बसला असतास, ते मला काही केल्या दिसत नव्हतं. आधी म्हटलं, तेवढं एक काम होऊ दे. मग म्हटलं, तेवढं वर्ष होऊ दे.’

मी म्हटलं, ‘तुझाच आवाज. तुझाच ‘श’. मी त्याच्यासाठी लोकांशी भांडत होतो आणि तू समोर बसून भाजी चिरत होतीस.’

परक्यांनी फसवलं असतं तर घरी येऊन हिलाच सांगितलं असतं. आता सांगायचं कुणाला, म्हणून इथं लिहितोय.

तरी मनातून एक गोष्ट जात नाही. ही दोघं सख्खी भावंडं. दोन वर्षं एकमेकांना सांभाळून खोटं बोलली. आजही बोलत नसतील कशावरून? कदाचित माझे कान ठणठणीत असतील आणि ‘श’ खरंच तुटत असेल. एकदा शाळेत जाऊन स्वतः ऐकायचं. तिथं कुणी माझ्यासाठी काही चढवून ठेवलेलं नसेल आणि कुणी उतरवूनही नाही.

२ एप्रिल

बाईंना न सांगताच गेलो. त्यांनी काही विचारलं नाही, मागच्या बाकावर जागा करून दिली. लांबट खोली, उंच खिडक्या, भिंतीवर मुलांनी रंगवलेले मासे. मुलं तीन रांगांत उभी. पुढे टेबलावर जुना संगणक आणि दोन स्पीकर. फुकटवाली सिस्टीम, मी पडदा जवळून बघून खात्री केली.

बाईंनी बटण दाबलं.

‘वास घे.’

काय सांगू, मला आनंद झाला. मी बरोबर होतो. ‘श’ नव्हता. मी बाईंकडे वळून म्हणणार होतो, ऐका आता.

तेवढ्यात सगळ्या मुलांचे खांदे वर गेले.

सगळ्यांचे, एकदम. पहिल्या रांगेतल्या चिमुरडीचे तर पार कानांपर्यंत. छात्या भरल्या, तोंडं उघडली, आणि गाणं सुरू झालं.

पोरांना वास घ्यायला सांगितला असता तर ती फिदीफिदी हसली असती. निदान एखाद्यानं नाक तरी मुरडलं असतं. एकही हसलं नाही. मी मुद्दाम एकेक चेहरा पाहिला.

बाईंनी गाणं थांबवून पुन्हा बटण दाबलं. वास घे. पुन्हा खांदे वर. मग माझ्याकडे वाकून त्या म्हणाल्या, ‘ऐकलंत ना?’

‘पाहिलं,’ मी म्हटलं.

म्हणजे ‘श’ होता. या खोलीत होता, या सिस्टीमवर होता, सगळ्यांसाठी होता. पोरं गात होती ते जाड जाड मला ऐकू येत होतं, आणि त्याच्या वरचं जे काही असेल ते त्या उंच खिडक्यांतून निघून जात होतं. मी शेवटपर्यंत बसलो. रडलो नाही. बाईंनी पाणी आणून दिलं, त्याअर्थी चेहरा बरा नसावा.

घरी येताना तारेवर पाखरं बसलेली दिसली. बरीच होती. चोची उघडत होती, मिटत होती.

५ एप्रिल

सही केली.

बारक्या आला होता. दारापाशी क्षणभर घुटमळला, मग मीच दुसरी फळी उघडली. टेबलावर कागद होता. ‘कान’ सगळ्या सिस्टीमवर जायला माझी हरकत नाही, शाळांपासून सुरुवात करावी. पहिली सही माझी, दुसरी त्याची. यापुढे नवं व्हर्जन ऐकायचं काम संगीताच्या बाईंना विचारावं, असंही मी सांगितलं. त्यांच्याकडे तीन रांगा कान आहेत. बारक्या म्हणाला, ‘दाजी, तसं नका म्हणू.’ मी म्हटलं, सही घेऊन झाली ना तुझी, आता का समजूत काढतोस?

त्याचा हात खिशात होता. मला कळलं, खिशात काय आहे ते. ‘नव्या मशीनवर घालून देऊ?’ त्यानं विचारलं. ‘या वेळी तुम्हाला सांगून.’

नको म्हटलं. सगळ्यांचं तेच माझं. वास घे तर वास घे.

ही चहा घेऊन आली. तिनं डॉक्टरांची वेळ ठरवली आहे, सोमवारची. जाईन. यंत्र कानात घातलं की ‘श’ परत येतो म्हणतात. येईलही. पण तो आला की मला आधी हेच आठवणार, की तो गेला होता तेव्हा घरात सगळ्यांना माहीत होतं.

चहा पिऊन झाला. मी टेबल आवरायला वळलो, कागद फायलीत घालत होतो, आणि सहज समोरच्या कपाटाच्या काचेत बघितलं. काचेत ही दोघं दिसत होती. हिचे ओठ हलत होते, बारक्या मान हलवत होता. खोलीत काहीच आवाज नव्हता.

मी वळलो. दोघं गप्प झाली. हिचं तोंड अर्धवट उघडं राहिलं.

मी भांडलो नाही. तेवढं त्राण नव्हतं, आणि या घरात आता मला राहायचंही आहे. एवढंच म्हटलं, की इथून पुढे जे काय बोलायचं असेल ते समोर उभं राहून बोला. पाठीमागचं मला ऐकू येत नाही.